साबुदाण्याची खिचडी आणि दुधाळ सीरम: आहारावरच्या डॉक्युमेंटरी कशा पाहाव्यात

एकादशीचा दिवस होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास एक आजी लॅबमध्ये आल्या, हातात डॉक्टरांची लिपिड प्रोफाइलची, म्हणजे रक्तातली चरबी मोजण्याच्या तपासणीची, चिठ्ठी. मी नेहमीसारखं विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?" त्या म्हणाल्या, "अगं, एकादशी ना आज, उपासच आहे माझा." मी रक्त काढलं, गोठायला अर्धा तास ठेवलं आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, लावली. दहा मिनिटांनी बाहेर काढली तर खाली गोठलेलं लाल रक्त बसलेलं, आणि वर जिथे फिकट पिवळं, आरपार दिसणारं सीरम असतं, तिथे पातळ ताकासारखं पांढुरकं काहीतरी. ट्यूबमागे बोट धरलं तर बोट दिसेना. आजींना पुन्हा विचारलं. सकाळी सातला वाटीभर साबुदाण्याची खिचडी झाली होती, दाण्याचं कूट भरपूर, वरून साजूक तूप. उपास होता, पण पोट उपाशी नव्हतं.

यात आजींची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून मी "उपाशी आहात ना" असं विचारत नाही. "शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता" असं विचारते.

ही ट्यूब मला वर्षभराने पुन्हा आठवली. जिमला जाणारा एक विशीतला मुलगा त्याच खुर्चीत बसला होता. सुई काढून कापूस लावला तसा म्हणाला, "ताई, रक्त फिरवलं की मला दाखवाल का? मी रोज चिकन खातो. माझं रक्त गढूळ झालं असणार." त्याने 'द गेम चेंजर्स' ही डॉक्युमेंटरी पाहिली होती. २०१८ साली आलेली, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवरून जगभर पोचलेली. तिचं म्हणणं असं की मांस, अंडी, दूध सगळं सोडून फक्त वनस्पतीजन्य खाल्लं तर खेळाडूची ताकद आणि दम वाढतो. त्यात एक प्रसंग आहे: तीन फुटबॉल खेळाडू वेगवेगळं जेवतात, मग त्यांचं रक्त फिरवून ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरतात. मांस असलेल्या जेवणानंतरचं रक्त गढूळ, वनस्पतीजन्य जेवणानंतरचं स्वच्छ. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या मुलाच्या आला होता.

मी २२ वर्षं अशा ट्यूब हातात धरते आहे, म्हणून या एका प्रसंगाबद्दल नीट सांगू शकते.

गढूळपणा खरा आहे. त्यात कॅमेऱ्याची हातचलाखी नाही. आपण जेवलो की अन्नातली चरबी आतड्यातून बारीक बारीक कणांच्या रूपात रक्तात येते. हे कण प्रकाश विखुरतात, म्हणून सीरम पांढुरकं दिसतं. दूध पांढरं दिसतं तेही असंच, त्यातल्या चरबीच्या आणि प्रथिनांच्या कणांमुळे. जेवणानंतर साधारण तीन-चार तासांनी हे प्रमाण सगळ्यात जास्त असतं, मग शरीर ते हळूहळू वापरतं आणि साठवतं, आणि सीरम पुन्हा स्वच्छ होतं. लिपिड प्रोफाइलसाठी दहा-बारा तास काही खाऊ नका असं आम्ही सांगतो ते याचसाठी. ज्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, मुळात चढे असतात, त्यांच्यात हा पांढुरकेपणा जास्त दिसतो आणि जास्त वेळ टिकतो. आमच्याकडे त्याला 'लायपेमिक सॅम्पल' म्हणतात.

आता प्रश्न असा, की रक्त गढूळ कशाने झालं, मांसाने की चरबीने? आजींच्या ट्यूबमध्ये मांसाचा कणही नव्हता. शेंगदाणे होते, तूप होतं. पुऱ्या-श्रीखंड खाऊन या, खोबरेल तेलात परतलेलं काही खाऊन या, वडापाव खाऊन या, सीरम तसंच दिसेल. उलट बिनतेलाचं, उकडलेल्या कोंबडीचं पातळ सूप पिऊन आलात तर कदाचित काहीच दिसणार नाही. ट्यूब सांगत होती की त्या जेवणात चरबी किती होती. डॉक्युमेंटरीने ऐकवलं की मांस वाईट आहे. या दोन वाक्यांमधलं अंतर पाहणाऱ्याला जाणवत नाही, कारण मधल्या काळात संगीत चढतं आणि खेळाडूचा धास्तावलेला चेहरा पडदाभर येतो.

या सगळ्या लेखात मला हेच दाखवायचं आहे. अशा डॉक्युमेंटरीत जे दिसतं ते बहुतेक वेळा खोटं नसतं. दिसलेल्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष मात्र वेगळा तपासावा लागतो. सगळं खोटं म्हणून उडवून लावणारा आणि सगळं खरं मानून घरातलं दूध बंद करणारा, दोघंही हे तपासणं टाळतात.

एक माणूस, एक महिना

'सुपर साइज मी' २००४ सालची. मॉर्गन स्पर्लॉक नावाच्या अमेरिकी दिग्दर्शकाने ३० दिवस तिन्ही वेळचं फक्त मॅकडोनाल्ड्सचं खाल्लं. वजन ११ किलोंनी वाढलं, कोलेस्टेरॉल चढलं, आणि डॉक्टरांना सगळ्यात जास्त धक्का बसला तो यकृताच्या आकड्यांनी. एवढ्याशा काळात यकृत असं बिघडेल अशी त्यांची कल्पनाच नव्हती.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये स्पर्लॉकने स्वतःहून एक जाहीर निवेदन दिलं. त्यात इतर कबुल्यांबरोबर त्याने लिहिलं की तो वयाच्या तेराव्या वर्षापासून दारू पितो आणि तीस वर्षांत सलग एक आठवडाही दारूशिवाय गेलेला नाही. ही गोष्ट डॉक्युमेंटरीत नव्हती.

माझ्या टेबलावर रोज एसजीपीटीचे रिपोर्ट येतात. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं हे एन्झाइम. समजा, आकडा आला २००. त्यावरून मी सांगू शकत नाही की हे दारूमुळे झालं, काविळीमुळे, एखाद्या औषधामुळे की वाढलेल्या वजनामुळे. मशीनही सांगू शकत नाही. डॉक्टर माणसाला समोर बसवून विचारतात, इतर तपासण्या करतात, तेव्हा कुठे अंदाज येतो. ज्या माणसाचं पिणं झाकलेलं आहे, त्याच्या एसजीपीटीचा सगळा दोष बर्गरच्या माथी मारता येत नाही.

मग ती डॉक्युमेंटरी खोटी ठरली का? इथे गोष्ट खरी रंगते. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी तीच कल्पना उचलली आणि नीट प्रयोग केला. १८ तरुण, निरोगी माणसं घेतली. चार आठवडे दिवसातली किमान दोन जेवणं फास्ट फूडची, रोजच्या दुप्पट कॅलरी, आणि चालणं-फिरणं कमी. तुलनेसाठी त्याच वयाची दुसरी माणसं, जी नेहमीसारखंच खात होती. सुरुवातीची एसजीपीटी सरासरी २२ होती, ती चढत ९७ पर्यंत गेली. २००८ मध्ये हे 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे महिनाभर बेसुमार खाल्लं आणि हालचाल थांबवली तर निरोगी माणसाच्याही यकृताचे आकडे चढतात, हे खरं निघालं. पण सगळ्यांचे सारखे चढले नाहीत, काहींचे जेमतेम हलले. आणि एसजीपीटीची वाढ जोडली गेली ती पिष्टमय आणि साखरेच्या खाण्याशी, म्हणजे एखाद्याला वाटेल तसं नुसत्या तळलेल्या तेलकट पदार्थांशी नाही.

एका माणसाची गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याची सुरुवात. तिला उत्तर समजलं की घोटाळा होतो. पडद्यावर मात्र १८ जणांची सरासरी दाखवता येत नाही. तिथे एक चेहरा लागतो, एक सुटलेलं पोट लागतं. हा त्या माध्यमाचा स्वभाव आहे आणि त्यासाठी दिग्दर्शकाला लबाड म्हणायचं कारण नाही. पाहताना तो स्वभाव आपण लक्षात ठेवायचा.

'आधी' आणि 'नंतर'

अशा डॉक्युमेंटरींत हमखास येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आधीचा रिपोर्ट आणि नंतरचा रिपोर्ट. आधी ट्रायग्लिसराइड २८०, तीन आठवडे नवा आहार, नंतर २१०. टाळ्या.

एकाच माणसाचं रक्त काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासलं, खाणंपिणं तेच ठेवलं, तरी आकडे तंतोतंत तेच येत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉल साधारण पाच-सहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतं. ट्रायग्लिसराइड तर वीस टक्क्यांनी सहज हलतं, कधी त्याहूनही जास्त. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल, झोप झाली नसेल, सर्दी-ताप येऊन गेला असेल. २८० चे २१० व्हायला काही वेळा काहीच करावं लागत नाही.

यातली एक खोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माणूस आहार बदलायला कधी निघतो? आकडा खूप वाईट आला की. म्हणजे वर-खाली होणाऱ्या झोक्यातला सगळ्यात उंच क्षण आपण 'आधी' म्हणून पकडलेला असतो. पुढची तपासणी केव्हाही केली तरी झोका खाली आलेला असण्याचीच शक्यता जास्त. मग त्या महिन्यात जे काही केलं असेल, दुधीचा रस घेतला असेल की अंगठी घातली असेल, श्रेय त्याला मिळतं. म्हणूनच अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट ठेवतात. त्यांचाही झोका खाली येतोच. दोन्ही गटांत जो फरक उरतो, तेवढाच आहाराचा.

असा फरक नीट मोजलेलं एक उदाहरण नेटफ्लिक्सवरच आहे. २०२४ च्या जानेवारीत 'यू आर व्हॉट यू ईट' नावाची मालिका आली. तिच्या मागे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा खरा अभ्यास होता. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे चांगला व्हीगन आहार, म्हणजे दूध-तूपही नाही, आणि दुसऱ्याला मांसाहारासकट चांगला आहार. जनुकं तीच, बालपण तेच, म्हणून तुलना छान होते. व्हीगन गटाचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सरासरी १११ वरून ९६ च्या आसपास आलं. दुसऱ्या गटाचं जेमतेम दोनाने उतरलं. हा फरक खरा आहे. माझ्या आहारात मासे-अंडी आहेत आणि त्यांवर माझं प्रेम आहे, पण या आकड्यापुढे मी वाद घालणार नाही. वनस्पतीजन्य आहाराने एलडीएल उतरतं, हे आधीच्या कितीतरी अभ्यासांतही दिसलेलं आहे.

पण हाच अभ्यास वाचला तर आणखी काही सापडतं. व्हीगन गटाने एकूण खाल्लंच कमी आणि वजनही सुमारे दोन किलोंनी जास्त उतरलं, म्हणजे एलडीएलमधला काही वाटा त्याचा असू शकतो. जेवणाचं समाधान त्या गटात कमी होतं. आठ आठवडे म्हणजे दोन महिनेही नाहीत. छापलेल्या लेखात संशोधकांनी या मर्यादा मांडल्या आहेत. चार भागांच्या मालिकेत त्यांना तेवढी जागा मिळत नाही.

पाच सिगारेटी आणि एक अंडं

२०१७ च्या 'व्हॉट द हेल्थ'मधलं सगळ्यात गाजलेलं वाक्य हे: रोज एक अंडं खाणं म्हणजे रोज पाच सिगारेटी ओढणं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी हे ऐकून मुलाच्या डब्यातलं अंडं बंद केलं. मुलगा हाडकुळा, बाकी प्रथिनांची बोंब. मला वाईट वाटलं.

सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या तुलनेत पंधरा ते तीस पट असतो. टक्के नव्हे, पट. आता अंड्याचं बघा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ ३० हजार लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास आला. रोज अर्धं अंडं जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका ६ टक्क्यांनी जास्त दिसला. वर्षभरातच, २०२० च्या मार्चमध्ये, हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून जास्त लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली. त्यात रोज एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक, दोन्ही मोठे, आणि उत्तरं वेगळी. असं का होतं? कारण यात कुणाला अंडी खायला घालून पाहिलेलं नाही. लोकांना विचारलं, काय खाता, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली. अमेरिकेत अंडं एकटं ताटात येत नाही, बरोबर बेकन येतं, सॉसेज येतं, लोणी लावलेला टोस्ट येतो. आपल्याकडे बघा ना. रात्री अकराला गाडीवर बटरमध्ये न्हालेल्या पावाबरोबर भुर्जी खाणारा ट्रकचालक, आणि पहाटे धावून आल्यावर दोन उकडलेली अंडी खाणारा पोलीस भरतीचा मुलगा. दोघांच्याही फॉर्मवर 'अंडी: रोज दोन' असंच लिहिलं जाईल. संशोधक गणिताने बाकीच्या सवयी वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात, पण सगळं निघत नाही. ६ टक्क्यांसारखा बारीक फरक या गाळात सहज हरवतो किंवा उगवतो. पंधरा पटीचा फरक हरवत नाही. सिगारेट आणि अंडं एका तागडीत बसत नाहीत ते यामुळे.

तीच डॉक्युमेंटरी जागतिक आरोग्य संघटनेचं नाव घेऊन सांगते की सॉसेज-बेकन तंबाखूच्याच गटात आहेत. हे खरं आहे. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, ज्यात तंबाखूही आहे. पण हे गट धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का आहे, एवढंच सांगतात. पावसात भिजून ओले होतो हे पक्कं, विहिरीत पडून ओले होतो हेही पक्कं. संघटनेनेच दिलेले आकडे असे: जगभरात दर वर्षी प्रक्रिया केलेल्या मांसामुळे होणारे कर्करोगाचे मृत्यू साधारण ३४ हजार, तंबाखूमुळे होणारे साधारण १० लाख.

आणि याच मांसाबद्दल नेहमी ऐकू येणारा, भीती घालणारा १८ टक्क्यांचा आकडा? रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऐकताना वाटतं, शंभरातल्या अठरांना कर्करोग. तसं नाही. अमेरिकेत आयुष्यभरात शंभरातल्या साधारण चार जणांना हा कर्करोग होतो. चारचे अठरा टक्के वाढवले की होतात पावणेपाच. शंभरामागे चारचे पावणेपाच. दुर्लक्ष करावं असं नाही, पण झोप उडावी असंही नाही. 'किती टक्क्यांनी वाढला' असं कुणी म्हणालं की मी मनात लगेच विचारते, किती होता, तो किती झाला?

आपल्याकडे या यादीत काय येतं तेही समजून घ्या. हॉटेलातली सलामी, सॉसेज, बेकन, आणि गोव्याकडचं चोरीस. रविवारचा मटणाचा रस्सा यात नाही. ते लाल मांस, आणि ते एक पायरी खालच्या, 'बहुधा' या गटात आहे.

पैसा कुणाचा

'द गेम चेंजर्स'च्या निर्मात्यांत हॉलिवूडचा दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन आहे, आणि त्याच काळात तो पत्नीसह कॅनडात वाटाण्यापासून प्रथिनं काढण्याच्या धंद्यात उतरला होता. त्यामुळे डॉक्युमेंटरी आपोआप खोटी ठरत नाही. भाजीवाल्याने भाजी खा म्हटलं तरी भाजी चांगलीच असते. पण हे पाहणाऱ्याला ठाऊक हवं.

मात्र अशा डॉक्युमेंटरी करणाऱ्यांच्या मनात उद्योगांबद्दल जो संशय असतो तो हवेतून आलेला नाही, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन एक आढावा लिहून घेतला. त्यात हृदयविकाराचा ठपका चरबीवर ठेवला आणि साखरेचा वाटा झाकला. १९६७ मध्ये तो नामांकित नियतकालिकात छापला गेला, पैसे कुणाचे हे न सांगता. २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहारातून ही गोष्ट बाहेर आली. पन्नास वर्षं लोक तूप-लोण्याला घाबरत राहिले आणि गोड बिस्किटं खात राहिले, त्यात या आढाव्याचाही हातभार होता.

आपल्याकडची दोन उदाहरणं मी शेजारी शेजारी ठेवते. २०१५ मध्ये मॅगीत शिसं असल्याची बातमी आली. उत्तर प्रदेशातल्या नमुन्यात दर दहा लाख भागांत १७.२ भाग, मर्यादा २.५. देशभर बंदी आली. मग मुंबई उच्च न्यायालयाने ज्या प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या त्यांच्या मान्यतेवरच बोट ठेवलं आणि तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतून फेरतपासणी करायला लावली. त्यात सगळे नमुने मर्यादेत निघाले. रिपोर्ट हातात आला की खाली लॅबची मान्यता पाहायची सवय मला होतीच, तेव्हापासून पक्की झाली.

दुसरं २०२३ चं. रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर एक छोटा व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि त्याला तो काढावा लागला. पण त्याच्या म्हणण्यातला साखरेचा आकडा डब्याच्या मागेच छापलेला होता. कुणीही उचलून वाचू शकत होतं. पुढे कंपनीने साखर कमी केली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली. व्हिडिओ भडक होता, तरी मूळ मुद्दा तपासता येण्यासारखा होता आणि टिकला. आवाज किती चढला यावरून खरं-खोटं ठरत नाही. सांगितलेली गोष्ट मला स्वतःला कुठे पडताळता येते का, यावरून ठरवायला सुरुवात होते.

गोळ्या

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसले ती सांगते.

आमच्याकडे एक काका दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, करायला येतात. निवृत्त शिक्षक, हिशेबाला पक्के, रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावलेले. त्यांचा आकडा वर्षानुवर्षं सातच्या आसपास. एकदा आले तेव्हा १०.४ आला. मी मशीनवर पुन्हा लावला. पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाले, "मुलाने एक डॉक्युमेंटरी लावून दिली होती. त्यात सांगितलं की साखरेने आणि भाताने मधुमेह होत नाही, मांस आणि तेल यांनी होतो. लोकांच्या गोळ्या काही आठवड्यांत सुटल्या. मग मी मटण, अंडी, तेल सोडलं आणि गोळ्या पण." दुपारी आमटी-भात पोटभर, संध्याकाळी गुळाचा चहा, रोज दोन चिकू. चार महिने. पायांना मुंग्या येत होत्या, ते त्यांना वयाचं वाटत होतं.

त्या म्हणण्यात सत्याचा एक तुकडा आहे, म्हणून तर ते पटतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या चरबीने इन्सुलिनचं काम अडतं, हे खरं. वजन चांगलं उतरवलं तर अलीकडे झालेला मधुमेह मागे हटू शकतो, हेही खरं. ब्रिटनमध्ये ३०६ जणांवर झालेल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात कडक कमी कॅलरींचा आहार दिलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभराने गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. तुलनेच्या गटात ४ टक्के. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कुणी इन्सुलिनवर नव्हतं, गोळ्या दवाखान्याच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या, आणि रक्त सतत तपासलं जात होतं. काकांचा मधुमेह १७ वर्षांचा. त्यांनी गोळ्या थांबवल्या त्या टीव्हीसमोर बसून, एकट्याने.

आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत दिसलं. आपल्या ताटात आधीच भात, पोळी, साबुदाणा, पोहे यांची रेलचेल. ज्या देशात मांसाचा भलामोठा तुकडा हेच जेवण, तिथे केलेला सल्ला इथे जसाच्या तसा लावला तर ताटात उरतं काय? पिष्टमय पदार्थच. व्हीगन व्हायचं असेल त्याने जरूर व्हावं, पण बी-१२ ची सोय करून. शाकाहारी माणसांचे बी-१२ चे रिपोर्ट मी रोज पाहते. दूध पिणाऱ्यांचेही कमी येतात, मग दूधही सोडणाऱ्यांचं काय होईल?

काय खावं हे मी कुणाला सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. एखादी डॉक्युमेंटरी पाहून कुणी भाज्या वाढवल्या, कोल्डड्रिंक सोडलं, वेफर्सचं पाकीट ठेवून दिलं, तर मला आनंदच होतो, मग त्यामागचं कारण अर्धवट का असेना. त्यात नुकसान नाही. गोळी, इन्सुलिन, लस, मुलाच्या डब्यातलं अंडं, यांना हात लावायचा असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला. आणि बोलताना लाजू नका. "मी हे पाहिलं, मला हे पटलं" असं सरळ सांगा. काकांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण ते रागावतील अशी भीती होती. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, भात मोजून घ्यायला सांगितला, आणि तेल-मटण कमी केलं ते तसंच ठेवा म्हणाले.

परवा काका आले होते. साडेआठला, फाइल काखेत. आकडा ८.१, उतरतो आहे. पायांच्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. रक्त काढून झाल्यावर म्हणाले, "मुलाने आता दुसरी लावून दिली आहे, दुधावरची. पाहू का?" मी म्हटलं, "पाहा की. पाहताना वही घेऊन बसा, किती माणसांवर, किती दिवस आणि कशाशी तुलना, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी येताना घेऊन या, आपण दोघं मिळून बघू." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिन्ही प्रश्न फायलीच्या आतल्या बाजूला लिहून घेतले, शिक्षकाच्या त्या वळणदार अक्षरात.